शक्तीवाले व्हॉल्व्ह, तुरेवाले व्हॉल्व्ह

हौशी रंगभूमीवर मी तीस वर्षं उभा आहे. राजा झालो, चोर झालो, एका नाटकात तर दोन अंक नुसता प्रेत होऊन पडलो. पण माझी सगळ्यात अवघड भूमिका मी दिंडोशीच्या आमच्या घरातल्या हॉलमध्ये केली, दुपारी चार वाजता, लेंग्यावर. मी पिस्टन झालो होतो.

कारण बायको. गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका ऑफिसात तिने बावीस वर्षं काढली आणि एक दिवस ते ऑफिसच बंद झालं. पुढचे सहा महिने ती घरात होती, आणि त्या सहा महिन्यांत तिने मसाल्याच्या सगळ्या डब्यांना पार्ट नंबर दिले. हळद मागितली तर ती मलाच नंबर विचारायची. त्यामुळे अंधेरीच्या एका शोरूममधून बोलावणं आलं तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त हुरळलो. काम होतं नव्या सेल्समनना इंजिन शिकवायचं. तीन जणांच्या समितीपुढे दहा मिनिटांत एक विषय सांगायचा, तोही असा की ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही कळला पाहिजे. तिच्या वाट्याला आलं व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडून कोणी बोलावणार नाही, हे ती रोज पोळ्या लाटताना पोळीला ऐकवायची.

"काहीच कळत नाही असा माणूस हवाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

तिने मला सांगितलं ते असं. इंजिनात सिलिंडर नावाची एक खोली असते. तिला दोन दारं. एकातून पेट्रोल मिसळलेली ताजी हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. ती उघडतो एक फिरता दांडा, कॅमशाफ्ट, आणि खोलीत पिस्टन खालीवर करत असतो. जुन्या इंजिनात दारं उघडायची वेळ कायमची ठरलेली. नव्या इंजिनात गाडीचा कॉम्प्युटर वेग बघून ती वेळ थोडी मागेपुढे करतो. मी समजल्यासारखी मान हलवली. तिने तेच मला परत सांगायला लावलं. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली की मी प्रेशर कुकरचं वर्णन केलंय.

मग नाटक करायची कल्पना माझी. हॉल हा सिलिंडर. बाहेरचं दार हवा आत घ्यायचं, गॅलरीचं दार धुराचं. मध्ये मी उठाबशा काढणार आणि बायको ताटावर उलथनं वाजवून वेग देणार. दारांवर माणसं हवी होती म्हणून मी आमच्या मजल्यावरच्या दोन काकांना बोलावलं. दोघेही रत्नागिरीकडचे, दोघेही गिरणीतून निवृत्त, दोघेही सत्तरीच्या पुढचे. आणि दोघांनी उभा जन्म शक्ती-तुऱ्यात घातलेला. ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक शक्तीवाल्यांचा संच, एक तुरेवाल्यांचा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरून नाचतात आणि हे चालतं ते पहाटेपर्यंत. आमचे एक काका शक्तीवाले, दुसरे तुरेवाले. लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाहीत आणि एकमेकांशिवाय चहा पीत नाहीत.

हळू वेगात आम्ही झकास चाललो. मी खाली बसलो, शक्तीवाल्या काकांनी बाहेरचं दार उघडून हवा आत घेतली. मी उठलो, दोन्ही दारं बंद. पेट्रोल पेटलं, मी पुन्हा खाली बसलो आणि तोंडाने असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावरून फोन आला. मग उठलो, तुरेवाल्या काकांनी गॅलरीचं दार उघडलं, धूर बाहेर. अर्ध्या ठोक्याची चूक नाही.

मग बायकोने ताट जोरात बडवायला घेतलं. गाडी आता हायवेवर आहे, वेळ नाही, असं तिने बजावलं. धूर बाहेर पडत असतानाच, गॅलरीचं दार बंद व्हायच्या आधीच, बाहेरचं दार उघडायला हवं. धावत सुटलेला धूर मागून ताजी हवा ओढून आणतो. क्षणभर दोन्ही दारं उघडी. सगळी गंमत त्या क्षणात आहे.

शक्तीवाले काका कडीवर हात ठेवून उभेच.

"काका, उघडा ना."

"त्येंचा चालू हाय अजून," ते म्हणाले. "समोरच्याचा गाना संपल्याबिगर आपन उठायचा नाय. ह्ये काय माझ्यानं व्हनार नाय, बाय."

हा मान बघून तुरेवाले काका इतके भारावले, की समोरच्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून त्यांनी आपलं दार वेळेच्या आधीच लावून टाकलं. दोन्ही दारं बंद आणि आत मी, धुराने भरलेला. असं अकरा वेळा झालं. अकराव्या वेळी माझा गुडघा गेला. बायकोने उलथनं खाली ठेवलं. गाडी गोरेगावलाच बंद पडली असती, म्हणाली, आणि उद्या माझीही पडणार.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत तिच्याबरोबर शोरूमला गेलो. बघतो तर दोन्ही काका इस्त्रीच्या सदऱ्यात, टोपी घालून आधीच हजर. घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही म्हणे. तिथल्या मंडळींनी त्यांना गिऱ्हाईक समजून कोल्ड कॉफी दिली होती आणि ते ग्लास घेऊन थेट समितीच्या खोलीत मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

बायकोने आकृती काढायला घेतली, त्यांना पाहिलं आणि खडू खाली ठेवला. तिने समितीला शक्ती-तुरा सांगितला. गाडी सिग्नलला उभी असेल तेव्हा समोरच्याचं गाणं संपेपर्यंत थांबायचा रिवाजच बरोबर, म्हणाली. तेव्हा दोन्ही दारं एकदम उघडली तर धूर उलटा आत येतो आणि इंजिन थरथरतं. पण पळत्या गाडीत तोच रिवाज पाळला तर इंजिनाचा जीव गुदमरतो. रिवाज कधी पाळायचा आणि कधी सोडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तेलाच्या दाबाने कॅमशाफ्ट जरासा पुढे फिरवून घेतो.

समितीच्या प्रमुख बाईंनी मागे वळून शक्तीवाल्या काकांना विचारलं, की तुम्हाला यातलं काय समजलं. काका उठले, घसा साफ केला.

"गाडी हुबी आसंल तर एकानं बसायचा, मग दुसऱ्यानं उठायचा. पळाया लागली का तो भायेर जाताजाताच ह्येनं आत यायचा, त्येच्या ओढीनं हवा जास्त येते. त्याल त्या दांड्याला वाईच पुढं फिरवतंय. समाजला सगळा." काकांनी टोपी सारखी केली. "पन मला ह्ये मान्य नाय."

"मलापन नाय," शेजारून तुरेवाले काका म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो.

बाईंनी विचारलं, तुम्ही गाडी बघायला आलात का?

"नाय," काका म्हणाले. "मी व्हॉल्व्ह हाय."

विरोध करण्याइतकं समजलं म्हणजे खरंच समजलं, असं बाईंचं मत पडलं आणि बायको पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाली. दर नव्या तुकडीला हे दोघे येतील का, अशीही विचारणा झाली. काकांनी दोन दिवस विचार केला आणि तयार आहोत म्हणून निरोप पाठवला. फक्त पिस्टन बदलून द्या, म्हणाले.