तोंड कुणाचं, गळा कुणाचा

आमचं भात होळीपर्यंत पुरायचं. भातानंतर त्याच ओलीवर वाल टाकायचे, तेवढाच आधार. वाल निघाले की बाबा बाहेर कामाला जायचे. आधी धरमतरला बार्जवरचा माल उतरवायला, नंतर डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे. ठेकेदाराकडचं काम म्हणजे आज शिफ्ट आहे, उद्या गेटवरूनच परत. आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला आणि कापणीला जायची. घराच्या भिंती कुडाच्या, पश्चिमेच्या बाजूला पावसाळाभर निळं प्लास्टिक बांधलेलं. शाळेत मला कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर मी म्हणायचे, "नाटकात काम करतात." हे खोटं नव्हतं. फक्त ते वर्षातून एकदाच करायचे.

पेण आणि रोह्याच्या मधल्या आमच्या गावात चैत्रातल्या उत्सवाला संगीत नाटक होतं. पिढ्यान् पिढ्या एकच नाटक. राजा संशय घेऊन राणीला हाकलतो, राणी परक्या गावात पाणी भरून दिवस काढते आणि तिसऱ्या अंकात तिच्या गाण्यावरून राजा तिला ओळखतो. राणीचं काम आधी आजोबांकडे होतं, मग बाबांकडे आलं. उत्सव जवळ आला की बाबा मिशी काढायचे. कंपनीच्या गेटवर लोक त्यांना हाक मारायचे, "काय राणीसरकार, चा घेनार का?" बाबाही पदर सावरल्यासारखं करून आत जायचे. बाकी वर्षभर त्यांना कुणी नावानेही हाक मारायचं नाही, नुसतं 'ए' म्हणायचे.

मी पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बातमी आली की याच नाटकावर सिनेमा निघतोय. मोठा, गाण्यांचा, रंगीत महालांचा. आमच्या गावाला जे वाटलं ते सांगता येणार नाही. आपल्या घरातली मुलगी टीव्हीवर येणार असावी, तसं. गावातल्या ग्रुपवर रोज कुणीतरी काहीतरी टाकायचं. राणीचा मुकुट कसा असेल, राजा कोण, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच सवाल: तिसऱ्या अंकातलं पद ठेवणार की कापणार?

ते पद मोठं आहे. आमच्याकडे त्याला वन्समोअर पडतोच, म्हणून ते आणखी मोठं होतं.

पहिली झलक फोनवर आली तेव्हा मी एस.टी.त होते. त्यात त्या पदाचे दोनच शब्द होते आणि लगेच घोडे धावले. मागच्या सीटवरून आमच्या गावचे पेटीमास्तर ओरडले, "घोडं कुटून आलं गो? आपल्या नाटकात घोडं नाय!" पेटीमास्तर रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहायचे, पण नाटकाची पेटी त्यांचीच, म्हणून आम्ही त्यांना गावचेच समजायचो.

"मास्तर, सिनेमा हाय तो," मी म्हटलं.

"म्हंजे पद घोड्यावर बसून म्हननार का?"

सगळी गाडी हसली. पण हसण्यात काळजी होती. माझ्या मनात तर वेगळीच होती. आदल्या उत्सवात तिसऱ्या अंकात बाबांचा आवाज फाटला होता. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, पण वरच्या पट्टीत गायचं नाही. मशिनांच्या आवाजात ओरडून बोलायचं आणि घरी येऊन गायचं, गळा किती सोसणार. बोलता यायचं, खरखरीत. गाणं संपलं होतं. बाबा हे कुणाला सांगत नव्हते. ठेकेदाराचं काम गेलं तर दुसरा ठेकेदार मिळतो. राणीचं काम गेलं असतं तर बाबांकडे काहीच उरलं नसतं, हे मला आणि आईला माहीत होतं.

सिनेमा दिवाळीत लागला. गाव दोन टेम्पो करून पेणला गेलं. आमच्या गावात थिएटरात जायची सवय कमी, नाटकाची जास्त. त्यामुळे झालं असं की, पद संपलं आणि अर्धं थिएटर 'वन्समोअर!' म्हणून उठून उभं राहिलं. पडद्यावर राजा बोलायला लागला तरी आमची माणसं उभीच, पद पुन्हा सुरू व्हायची वाट बघत. मागचे पेणकर ओरडले, "बसा की!" तर आमची एक म्हातारी, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, वळून म्हणाली, "तुमी बसा. आमी वन्समोर मागितलाय." राजा राणीला ओळखतो तो सगळा प्रसंग त्या गडबडीत गेला. बाहेर आल्यावर निम्मे लोक एकमेकांना विचारत होते, "वळखलं का नाय त्यानं?"

पद त्यांनी निम्मं कापलं होतं. तरी सिनेमा चांगला होता. मी आजही म्हणते. ती नटी पाणी भरताना घागर कमरेवर ज्या तऱ्हेने ठेवते, ते पाहून माझी आई हळूच म्हणाली, "हिनं पानी भरलंय कवातरी." गाणं मात्र नटीचं नव्हतं. दुसऱ्या गायिकेने गायलेलं होतं. हे गावाला घरी येताना टेम्पोत कळलं आणि तिथून भांडण लागलं.

एका टीव्ही चॅनलची बक्षिसं जाहीर व्हायची होती. नटीचं नाव उत्कृष्ट अभिनेत्रीत, गायिकेचं उत्कृष्ट गायिकेत. फोनवरून मत द्यायची सोय होती. कॉलेजात माझ्या मैत्रिणी पद कापलं म्हणून चिडल्या होत्या, मराठीचे सर म्हणत होते की कापलं म्हणूनच नव्या पोरांनी पाहिलं. गावात प्रश्न निराळाच होता. आमच्याकडे जो गातो तोच उभा राहतो. राणीचे दोन तुकडे आम्ही कधी पाहिले नव्हते.

आमची एक रीत आहे, ती सांगायला हवी. तिसऱ्या अंकातलं पद झालं की नाटक थांबतं, गावातली सगळ्यात वडील सवाष्ण, म्हणजे आक्काच, सूप घेऊन स्टेजवर येते आणि राणीची ओटी भरते. तांदूळ, नारळ, खण. पदरात पडलं की मग राजा पुढचं बोलतो. आईची निम्मी ब्लाऊजं बाबांच्या ओटीतल्या खणांची होती. तेव्हा गावाच्या हिशेबाने बक्षीस म्हणजे ओटी, आणि ओटी दोघींची कशी भरणार?

"जी गात नाय ती कसली राणी?" पेटीमास्तर म्हणायचे.

"आनि जी दिसतच नाय ती कसली राणी?" आक्का विचारायची. "वटी काय भोंग्याची भरू?"

गावाचे दोन पक्ष झाले, तोंडवाले आणि गळेवाले. चहाच्या टपरीवर, दळणाच्या चक्कीवर, सगळीकडे तेच. गळेवाल्यांचे पुढारी होते रोह्याचे एक शिक्षक. त्यांचं घराणं मूळ आमच्याच गावातलं जमीनवालं, आता सगळे शिकून रोह्यात. सर गाणं रीतसर शिकलेले आणि माणूस सरळ. ते म्हणायचे, "संगीत नाटकात गळा म्हणजेच भूमिका. मान गळ्यालाच."

बाबा एकदाच बोलले. "तोंड हलवनं सोपं नाय. दुसरीचा श्वास आपल्या छातीत घ्यायचा असतो. त्या पोरीनं घेतलाय."

बक्षीस नटीला मिळालं. गायिकेला नाही मिळालं. तोंडवाल्यांनी फटाके लावले, अगदी खरोखरचे, दिवाळीतले उरलेले. पेटीमास्तर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी उत्सवाची बैठक बसली. मारुतीच्या देवळात, नेहमीसारखी. मी आईबरोबर खांबाला टेकून बसले होते. मंडळाच्या अध्यक्षांनी खाली बघत विषय काढला, "मागल्या साली आवाज जरा बसला व्हता. यंदा राणी रोह्याच्या सरांनी करावी असं काहींचं म्हननं हाय." म्हणजे बाबांचं गाणं संपल्याचं सगळ्यांना माहीत होतं. बाबा मिशीवरून हात फिरवत राहिले.

सर अवघडले. म्हणाले, "मी स्वतःहून मागितलेलं नाही. पण पद तुमच्या चालीत शिकवाल तर करीन. शास्त्रातलं मला येतं, तुमची चाल येत नाही."

बाबा उठले. मोठेपणाने म्हणाले, "शिकवतो की." पेटीमास्तरांनी सूर दिला. बाबांनी पहिली ओळ म्हटली, ती कशीबशी लागली. दुसरी वर चढते. तिथे आवाज तुटला. पुन्हा घेतली, पुन्हा तुटला. आई माझ्या कानाशी म्हणाली, "म्हन गो. त्यांना असं उभं नको ठेवू."

मी बसल्या जागेवरूनच ओळ उचलली. लहानपणापासून तालमी ऐकलेल्या, पद पाठ असण्यात विशेष काही नव्हतं. बाबांनी मागे न बघता हाताने खूण केली, चालू दे. मी शेवटपर्यंत म्हटलं.

पेटीमास्तर पेटीवरून हात न काढता म्हणाले, "सर, तुमीच म्हनता ना, मान गळ्याला? हा घ्या गळा."

"पोरगी कशी उभी राहील?" अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडं बाया नाटकात नाय."

"उभी कशाला र्‍हायला पायजे?" पेटीमास्तरांना आता चेव आला होता. "सिनेमावानी करू. तोंड राणीसरकारांचं, गळा पोरीचा. पडद्याआड इंगेत माईक देऊ." दोन दिवस ज्या गोष्टीवर रुसून बसले होते तीच गोष्ट त्यांनी मांडली, हे त्यांना कुणीतरी दाखवूनही दिलं. "गप रं," ते म्हणाले, "अडचन वेगळी हाय."

सर हसले आणि म्हणाले, "मला मान्य आहे. माझ्यापेक्षा चाल हिच्याकडे चांगली आहे." मंडळाला नाही म्हणायला जागा उरली नाही.

तालमी आम्ही ओट्यावर केल्या. बाबा उभे, मी त्यांच्या मागे दारात. पहिले काही दिवस सगळं चुकायचं. माझा सूर संपायचा आणि बाबांचं तोंड उघडंच. आई भाकरी थापता थापता हसून लोळायची. "अवो, मासा दिसताय, मासा!" शेवटी बाबांनी युक्ती काढली. त्यांचा डावा खांदा उचलला की मी श्वास घ्यायचा, खाली आला की सूर लावायचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि पाठीकडे बघून गायला लागले. मग जमलं.

उत्सवाला नाटक संध्याकाळी सातला लागतं, कारण निम्म्या गावाला सकाळची पहिली शिफ्ट असते. मी विंगेत माईक धरून उभी. बाबांनी आत्याचा जरीचा शालू नेसला होता. दोन अंकांतली पदं ठीक झाली. तिसऱ्यातलं सुरू झालं. खांदा उचलला, खाली आला, मी लावला. लोकांना ठाऊक होतं गातंय कोण, तरी शेवटच्या तानेला सगळे बाबांकडेच बघत होते, इतकं त्यांनी ते केलं. वन्समोअर पडला.

दुसऱ्या खेपेला बाबांनी तोंड हलवलं नाही. ते विंगेकडे वळले आणि राणीच्या वेषात, हात जोडून, नुसते ऐकत उभे राहिले. मला खांदा दिसेना. मी माझ्या श्वासाने गायले.

पद संपल्यावर आक्का सूप घेऊन वर आली. बाबांसमोर उभी राहिली आणि तिने स्टेजवरच्या माईकपाशीच विचारलं, "कोनाची भरू रे बाबा?"

"गळ्याची भरा, आक्का," बाबा खरखरीत आवाजात म्हणाले. "तोंडाला उद्या शिफ्ट हाय."

सगळा मांडव हसला. अध्यक्ष खालून म्हणाले, "आक्का, पोर कुवार हाय, वटी कशी?"

आक्का वळली. "गप बस. इतकी वर्सं मिशी काढलेल्या बाप्याची भरली, तवा इचारलं व्हतं का कोनी?" बायकांच्या बाजूने जी आरोळी उठली ती मला अजून ऐकू येते. बाबांनी माझा हात धरून मला बाहेर उजेडात आणलं. मी कॉलेजच्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होते, पदर नव्हता, म्हणून ओढणी पसरली. तांदूळ पडले, नारळ पडला, खण पडला. राजाचं काम करणारा बिचारा ताटकळला होता. शेवटी तो म्हणाला, "आता वळखू का?"

त्या वर्षी मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पुढच्या चैत्रात मंडळाने राणीचं काम मला दिलं आणि बाबांना तालीममास्तर केलं. तेव्हापासून आमच्या गावच्या नाटकात बायकांची कामं बायकाच करतात.