नळाखाली धरलेला दगड

ही एक गोष्ट आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. बाकीच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत — जेवताना मीच त्या सांगतो आणि दर वेळी थोडा जास्त शूर होतो. बायको म्हणते, पुढच्या दिवाळीपर्यंत तुम्ही वाघाशी कुस्ती खेळाल. ही मात्र आज पहिल्यांदाच सांगतोय.

मी दगड तपासतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका खासगी प्रयोगशाळेत. पुलासाठी, धरणासाठी जमिनीतून काढलेले लाटण्यासारखे गोल तुकडे येतात. नळाखाली धरायचे, ब्रशनं घासायचे, वाळवायचे, मोजायचे. आपल्याकडचा काळा दगड तो. त्याला पाण्याचं काय? पिंडीवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी पडतं, तिचं काही बिघडतं का?

मग एकदा तेलवाल्यांचे शेलचे तुकडे आले, लांबच्या मुलखातले. शेल म्हणजे चिखल थरावर थर दाबून झालेला खडक. त्याच्या न दिसणाऱ्या छिद्रांत तेल अडकलेलं असतं. ते किती, आणि खडक ते सोडेल का — हे आम्ही मोजायचं. पथ्य एकच: पाणी लावायचं नाही. यंत्र चालवणाऱ्या रफीकभाईनं मला ते बजावून सांगितलं होतं.

शुक्रवार होता. तो नमाजला गेला. मी तुकडा उचलला आणि — काय सांगू? हात आपोआप नळाकडं गेला. बारीक ‘टक्’ झालं. चहात बुडवलेल्या खारीसारखे थर सुटले.

मी तो पुसला. पंख्याखाली धरला. अंगठ्यांनी दाबून मोजणीच्या रबरी नळीत बसवला. वरून काही दिसेना.

रफीकभाईनं येऊन, खडक किती वाट देतो ते बघायला, त्यातून वायू सोडला. तो सर्रकन पार. “भाऊ, ये तो जाळी निकली,” तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, “पानी तो नै लगा ना इसको?”

“नाय बा. तसाच आला.”

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. एवढाच असावा, असं मलाही वाटत आलंय.

तेलवाल्यांनी त्याच खडकाचा दुसरा तुकडा दुसरीकडं तपासला. तिथं वायू जेमतेम सरकला. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. यंत्र रफीकभाईचं, आकडा त्याचा, सही त्याची. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, दगड आला तेव्हाच तसा होता. भाऊंनी बघितलाय.” आणि माझ्याकडं वळला — साक्षीदाराकडं वळावं तसा.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काय होतं? पोरीची शाळा? घर? नाही हो. काहीच नव्हतं. भीती होती, एवढंच. मी म्हणालो, “मला नीट आठवत नाही.”

त्याची नोकरी गेली. आता तो बिडकीनला काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद बघतो. क्रांती चौकात भेटला की ओढून चहाला नेतो. कप तोंडाला लावताना वाटतं, आज विचारेल. विचारत नाही. न विचारणाऱ्या माणसाची किती भीती वाटते — तुम्हाला कधी वाटलीय?

परवा एका मोठ्या प्रयोगशाळेतून फोन आला. रफीकभाईनं तिथं अर्ज केलाय, आणि ओळखीचा माणूस म्हणून नाव दिलंय माझं. ते शेलचं काय झालं होतं, चूक रफीकभाईंचीच होती का, असं पलीकडून विचारलं. आवाज सभ्य होता. घरात कुणी नव्हतं. एक वाक्य — तेवढंच तर बोलायचं होतं.

“माणूस लई चांगला आहे,” मी म्हणालो. “त्या कामाचं मात्र मला नक्की सांगता येणार नाही.”

त्याला घेतलं नाही. काल संध्याकाळी त्यानंच फोन करून सांगितलं. मलाच धीर देत होता. “जाऊ द्या भाऊ. तुम्ही तर अच्छाच बोलले असणार.”

मी म्हणालो, “व्हय.”