वाट पाहणारीचं घर

आमच्या गावाचं पोट जैसरी भाउजूवर चालतं, असं मी एकदा तिला कौतुकानं म्हणालो. तिनं चुलीवर मक्याच्या पिठाचा ढिंडो घोटता घोटता मान वर केली. "मग सगळ्यांनी मिळून एकदा विचारा की जैसरीला, तुला काय हवं म्हणून!"

ती माझी वहिनी. तिचा नवरा कर्णबीर हा माझा चुलतभाऊ. बावीस वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, बंदूकवाले त्याला मक्याच्या शेतातून घेऊन गेले. ते कुठल्या बाजूचे, यावर गावात अजून दोन मतं आहेत. प्रेत काही मिळालं नाही.

लढाई संपली. ज्या वाटांनी आम्ही जीव मुठीत धरून पळालो, त्याच वाटांनी परदेशी लोक हौसेनं चालायला येऊ लागले. गावानं ठरवलं, हॉटेल बांधायचं नाही; पाहुणे आठ घरांत पाळीपाळीनं ठेवायचे आणि मिळकतीतून गावात सुईण ठेवायची. चांगलंच ठरवलं. सुईण आल्यापासून एकही बाळंतीण दगावली नाही. पण नेपाळच्या या रोल्पा जिल्ह्यात डोंगर कुठं नाहीत? पाहुणे आमच्याकडे वळतात ते भाउजूसाठी. नकाशावर तिच्या घराचं नावच छापलंय, 'वाट पाहणारीचं घर'. झोपायला कुठंही असोत, संध्याकाळी सगळे तिच्या चुलीपाशी. ती बोलते, मी त्यांच्या भाषेत सांगतो, ते डोळे पुसतात.

गेल्या माघात ती गावच्या बैठकीत उभी राहिली. "मला त्याचं क्रियाकर्म करायचंय."

प्रेत नसलं तर गवताचं माणूस करून जाळायचं, अशी आमची रीत. ते काम घरच्या जावयाचं. त्यानंतरच बायको गळ्यातले लाल मणी उतरवते आणि मेलेल्याची वणवण थांबते.

"कर की पोरी, कोण नको म्हणतंय?" बैठकीचे प्रमुख सिंहबीर काका म्हणाले. "फक्त हा हंगाम जाऊ दे."

"काका, मागच्या हंगामातही हेच म्हणालात. बावीस वर्षं फिरतोय तो. पाय दुखत नसतील त्याचे?"

सुईण खाली मान घालून बसली होती. आमच्या गावात जबरदस्ती कुणी करत नाही, सगळे फक्त समजावतात. त्या दिवशी मीही समजावलं. त्याची मला लाज वाटते.

भाउजू ऐकून घेऊन घरी गेली आणि पलीकडच्या गावातल्या आपल्या जावयाला तिनं परस्पर निरोप धाडला. सोमवारी ये.

शनिवारी सहा पाहुणे आले. संध्याकाळी भाउजू चुलीपाशी ताठ बसली. "कान्छा," धाकटा म्हणून ती मला अशीच हाक मारते, "आज सरळ सांग त्यांना. तो मेला. सोमवारी मी त्याला जाळणार आहे. माझं वाट बघणं संपलं."

पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या सुनेला आठवा महिना लागला होता. पाहुणे आटले तर सुईण कुणाच्या जिवावर राहणार? मी तोंड उघडलं आणि नेहमीचंच बोलून गेलो. त्या अजून वाट बघतात. रात्री दाराला कडी लावत नाहीत.

त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका म्हातारीनं भाउजूचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" भाउजूनं मला विचारलं.

खोटं रचायलाही काही सुचेना. "विचारते... तो आज परत आला, तर आधी काय बोलाल?"

भाउजूनं माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं ते तिला कळलं. ती चिडली असती, जळकं लाकूड फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं.

"सांग की," ती म्हणाली. "तुला तर पाठच आहे."

आणि मी सांगितलं.

सोमवारी जावई आला. अंगणात बसून गवताचे हातपाय बांधू लागला. भाउजू ताट घेऊन बाहेर आली.

"जेवा आणि परत जा, जावईबापू," ती म्हणाली. "अख्खा गाव ज्याला जिवंत ठेवतोय, त्याला मी एकटी कशी जाळू?"