गॉगल कोणी काढला

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, रोज ज्याच्यासोबत चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगून राहिलो, कारण परवा लातूरला माझ्या खांद्यावर शाल पडली — आणि तेव्हापासून डोकं सणकलंय. कुणावर? माझ्यावरच. दुसरं कोण आहे?

मी नांदेडचा. एका दैनिकात व्यंगचित्रं काढतो. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, आगपेटीपेक्षा जरा मोठा चौकोन. लोक मला निर्भीड म्हणतात. निर्भीड! दार लावून, पंख्याखाली बसून पुढाऱ्याचं नाक लांब करायला काय हिंमत लागते हो? ती कुठं लागते ते मला कंधारला कळलं.

कंधारच्या बसस्टँडजवळ एक फळा होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं पेपर यायचा, आणि गुंडेराव मास्तर — शाळेत चित्रकला शिकवायचे ते — माझं चित्र खडूनं फळ्यावर मोठं करून काढायचे. पेपर न घेणाऱ्यांनीही बघावं म्हणून. खाली माझं नाव. स्वतःचं कधी नाही. मला लई अभिमान होता त्याचा. पाहुण्यांना मुद्दाम नेऊन तो फळा दाखवायचो मी.

एका वर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावरून कंधारचे दोन मोहल्ले तापले होते. दुकानांची शटरं अर्धी खाली. पेटवतंय कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक — बारा महिने, लग्नाच्या मांडवातसुद्धा काळा गॉगल लावून फिरणारा एक पुढारी. मी चित्र काढलं. दोन पोरं एकमेकांवर दगड उगारून उभी, आणि मधे टोपलं घेऊन तो, दोघांनाही दगड पुरवणारा. डोळ्यांवर गॉगल. मी काढला. माझ्या हातानं, मुद्दाम मोठा.

छापताना शाई फुटली. डोळ्यांच्या जागी नुसता काळा डाग आला. मास्तरांनी तो डाग बरोबर ओळखला आणि फळ्यावर हातभर गॉगल काढला. माणसं जमली, दोन्ही मोहल्ल्यांतली. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसत सुटले. दुपारपर्यंत शटरं वर गेली, असं मागून कळलं. मी कुठं होतो? नांदेडला, जेवून झोपलो होतो.

संध्याकाळी पुढाऱ्याच्या माणसांनी फळ्याला डांबर फासलं. भर चौकात मास्तरांच्या कानफटात मारली. आणि वर तक्रार मास्तरांवरच — आमच्या साहेबांची बदनामी केली, वातावरण बिघडवलं! दगड वाटणारा साहेब, आणि वातावरण बिघडवलं खडूनं? अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ऐका — मास्तरांची शाळा त्याच पुढाऱ्याच्या संस्थेची. हे माहीत असून त्यांनी तो गॉगल काढला होता.

दुसऱ्या दिवशी मला कंधारच्या ठाण्यात बोलावलं. फौजदार सरळ माणूस होता. पेपर पुढं ठेवून त्यानं साफ सांगितलं, की मूळ चित्रात गॉगल असेल तर मास्तरांनी नुसतं उतरवून घेतलं, त्यांना मी आत्ता घरी पाठवतो, पुढचं काय ते तुम्ही बघा. नसेल, तर त्यांनी मनानं घुसडला. मग त्यांचं ते निस्तरतील. मास्तर बाकावर बसले होते. गालावर वळ, पण मला बघून चेहरा सैल झालेला — आला एकदाचा, आता सांगेल. बाहेर पुढाऱ्याच्या माणसांच्या दोन जीपा उभ्या होत्या. मूळ चित्र माझ्या पिशवीत होतं, मांडीवर. दाखवायलाच आणलं होतं. खरंच सांगतो, दाखवायलाच.

मी म्हणालो, "गॉगल माझा नाही साहेब. ती सावली आहे. गॉगल मास्तरांनी घातला."

का म्हणालो? कारणं लई आहेत — ती सांगत बसलो तर माझीच वकिली होईल. मास्तर ताडकन उठले. "पिशवी बघा ह्यांची," म्हणाले. कसं ओळखलं त्यांनी? मी पिशवीचे बंद हाताला गुंडाळून धरले होते, त्यावरून असेल. फौजदारानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणून. नांदेडचा नावाजलेला चित्रकार — त्याच्या पिशवीची झडती कोण घेतं?

मास्तरांची नोकरी गेली. दुकानांच्या पाट्या रंगवून राहिलेत असं कानावर यायचं. फळा परत कुणी लावला नाही. मी मात्र चित्रं काढतच राहिलो — सगळे पुढारी कसे, कुणीही असू शकेल असे.

मग तो पुढारी निवडणुकीत पडला. आता त्याला कुत्रंही विचारत नाही. आणि बघा माझी मर्दुमकी — लातूरला माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तेच चित्र फ्रेम करून मी मधोमध लावलं! अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोललो. माझ्या चित्राला डांबर फासलं होतं म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचाही राग आला मला. अरे, एकानं तरी विचारा की — फळा कुणाचा होता?

गर्दी पांगली, तेव्हा फ्रेमसमोर एक म्हातारा उभा दिसला. नखांत ऑइलपेंट. मास्तर. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, बरोबर गॉगलवर.

"होता की हो गॉगल," ते म्हणाले.

तेवढ्यात आयोजक आला. हे कोण, म्हणून त्यानं मला विचारलं. मास्तर माझ्या तोंडाकडे बघून राहिले होते. ठाण्यात पहिल्यांदा बघितलं होतं, तसंच. आता बाहेर जीपा नव्हत्या. कुणाची भीती नव्हती. खांद्यावर नुसती शाल होती.

"वाचक आहेत माझे," मी म्हणालो. "कंधारचे."

मास्तर जिना उतरून गेले.

गॉगल मी काढला होता. गुंडेराव मास्तरांनी तो उतरवून घेतला होता, जसा होता तसा.