वारा सांगणारे काका

आदिलाबादबाहेरच्या रेंजवर लांब पल्ल्याची विभागीय रायफल स्पर्धा भरली की संघ जुळवायचं काम काकांकडं असतं. ते नेमाआधी माणसाचा स्वभाव पाहतात. "तापट माणसाच्या बाजूले शांत माणूस द्या," म्हणतात आणि पेन्सिलीनं लिहिलेली यादी पुन्हापुन्हा खोडतात. रेंजवरचे झेंडे कसे फडकतात ते बघून आमच्या संघाला वारा तेच सांगायचे, कारण इतक्या लांब जाताना गोळी वाऱ्यानं सहज भरकटते.

यंदा वारा सांगणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचंच नाव होतं.

"काका, तुमी काऊन नाई?" मी विचारलं.

"लांबचे झेंडे दिसून नाई राह्यले मले," ते खाली बघत म्हणाले. "मागच्या सालीबी दिसत नव्हते. अंदाजानंच वारा सांगितला. चूक माही होती, त्या इचोड्याच्या गड्याची नाई."

तो आमच्याच संघातला नेमबाज; मागच्या साली त्याच्या गोळ्या भरकटल्या म्हणून हरल्याचं खापर आम्ही त्याच्यावर फोडलं होतं, आणि काका तेव्हा गप्प राहिले होते.

"काल त्याच्या घरी जाऊन सांगितलं," ते म्हणाले. "चहा पाजला त्यानं. पण रायफल आता हातात नाई घेत म्हणे."

मला काकांचा राग यायला हवा होता. पण त्या दिवशी त्या गड्याला सगळ्यांत जास्त मीच बोललो होतो.