खिडकीतला फोन

इंटरनेटच्या फायबरची तार आत घ्यायला परवा माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या चौकटीला भोक पाडलं, आणि सागवानी भुशाच्या वासानं मला महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्या आठवल्या. तिथंही भाडंच होतं. सावनेरहून मामांचा फोन वर घरमालकांकडे यायचा. घरमालकांच्या फोनच्या डायलला कुलूप असायचं आणि माझी आई, दवाखान्यातली नर्स, उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची, कारण तिला कुणी आत बोलावलंच नाही. फोनसाठी नाव नोंदवून कितीतरी वर्षांनी शेवटी तिच्या नावावर फोन आला. सागवानी चौकटीला भोक पाडून तार आत घेताना लाइनमननं विचारलं, "बाई, डायलले कुलूप आणून ठेवलं का?" "कुलूप काहून? अडल्यानडल्याले लागते फोन," म्हणत तिनं तो खिडकीत ठेवला, गल्लीतून हात पोचेल असा. त्याच पावसाळ्यात घरमालकांची लाइन बंद पडली. लेकीच्या बाळंतपणाची खबर घ्यायला ते आमच्या उंबऱ्याबाहेर येऊन थांबले. आईनं पदरानं खुर्ची पुसली. "उभे काहून राहिले, भाऊ? आत या, बसून बोला." मग त्यांना मोकळं बोलता यावं म्हणून ती स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. तिची ती ताठ पाठ अजून डोळ्यांसमोर आहे. परवा तारवाल्यानं वाय-फायला कोणता पासवर्ड ठेवू, असं विचारलं. मी आईचं नाव दिलं आणि तो पासवर्ड समोरच्या बिऱ्हाडालाही सांगून आलो.