श्यामरावांच्या कपाटातले सहा लाख

रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर श्यामराव ठोंबरे यांना कोणी विचारीना, आणि हेच त्यांचं खरं दुखणं होतं. मग आमच्या रायपूरशेजारी नवा रायपूर हे शहर उभं राहू लागलं, जमिनींचे भाव चढले, आणि ओळखीतल्या मराठी घरांनी प्लॉटचे पैसे त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवायची पद्धत पाडली. घेणारा पैसे आणून ठेवी, विकणारा रजिस्ट्री करून दाखवी, मग श्यामराव कपाट उघडत. फुकट करत म्हणे. वर्षभर लोकांकडून नमस्कार उकळत, ते कोण मोजतो?

याला बँकेत एस्क्रो म्हणतात, हे त्यांना मीच सांगितलं. तीस वर्षं बँकेत काढली आहेत मी. लेखी ठरलेली अट पुरी होईपर्यंत पैसा तिसऱ्याकडे अडकवायचा, आणि त्या तिसऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. शेवटचं त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र 'आपल्याकडे एस्क्रो आहे' असं मिरवू लागले.

इंदू मेश्राम सरकारी दवाखान्यात नर्स. भाड्याच्या दोन खोल्यांत नोकरी संपत आली, स्वतःचं घर हवं होतं. तिनं साठवलेले सहा लाख श्यामरावांकडे ठेवले. अट एकच, रजिस्ट्रीआधी प्लॉट विकणाऱ्या हिरालालला छदाम द्यायचा नाही. श्यामरावांनी तशी सहीसुद्धा केली.

हा हिरालाल नागपुरात दहा वर्षं ठेकेदारी करून आलेला. तो एकटाच श्यामरावांच्या घरी आला, पाया पडला आणि चक्क मराठीत बोलला. श्यामरावांचे सख्खे नातू त्यांना हिंदीत उत्तर देतात. गडी विरघळला. मुलीचं लग्न तोंडावर आहे, रजिस्ट्री सोमवारी नक्की, एवढ्यावर हिरालाल सगळे पैसे घेऊन गेला.

सोमवारी इंदू रजिस्ट्री ऑफिसात संध्याकाळपर्यंत बसून राहिली. प्लॉट आठवड्यापूर्वीच दुसऱ्याच्या नावावर झाला होता.

ती तिथून थेट श्यामरावांकडे आली, तेव्हा मी समोरच बसलो होतो. श्यामराव सांगू लागले, पोरीची शपथ घेतली त्यानं, आपल्यातलाच वाटला, भरवसा ठेवला. मला त्यांचा संताप आला.

इंदू चपला घालता घालता थांबली.

"काका, त्याच्यावर भरवसा तं मलेही ठेवता आला असता. मंग तुमच्याजवळ कायले आली असती मी?"